पहिले पाऊल कोणाबरोबर?

माझ्या भाचीचे लग्न ठरले तेव्हा मामाने काय काय करायचे असते, याची उजळणी मी मनातल्या मनात करून ठेवली होती. भाचीचा हात धरून तिला बोहल्यापर्यंत न्यायचे, अंतरपाटाशी तिच्या पाठीमागे उभे राहायचे, आणि मंगलाष्टके चालू असताना डोळ्यांत पाणी आलेच तर अक्षता डोळ्यांत गेल्या असे सांगायचे. एवढ्या तयारीवर मी निश्चिंत होतो. तोच एका संध्याकाळी जालन्याहून तिचा फोन आला.

"मामा, हळदीच्या आदल्या रात्री संगीत आहे. बाबांच्या बाजूचे सगळे काका-काकू जोडीनं नाचणार आहेत. आपल्याकडून तुम्ही आणि मामी. नाही म्हणायचं नाही!"

मी परतूरचा. वय ४७. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, व्यवसाय लहान मुलांना शिकवण्याचा, आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचा. यांपैकी एकाही गोष्टीत नाचणे येत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या जांब गावचे समर्थ रामदास लग्नाच्या वेळी 'सावधान' हा शब्द कानी पडताच बोहल्यावरून पळाले, अशी आख्यायिका आहे. फोन खाली ठेवताना त्या पळण्याचे मर्म मला प्रथमच कळले.

सौ. चुलीपुढे भाकरी थापीत होती. गॅस आला तरी भाकरीसाठी तिला चूलच लागते. मी तिला सगळी हकीकत सांगितली. ती हसेल, नाहीतर "इश्श, या वयात!" म्हणेल, आणि मग माझ्या नकाराला तिचा आधार मिळेल, असा माझा हिशेब होता. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, "शिकूत की. पण कुणाकडं?"

तिचा प्रश्न चार शब्दांचाही नव्हता. पण पुढचे दोन महिने तो माझ्या डोक्यातून गेला नाही. नाचाच्या निमित्ताने आलेला हा प्रश्न नाचापुरता नाही, हे मला हळूहळू कळत गेले. ज्याला काहीच येत नाही, त्याने पहिले पाऊल कोणाबरोबर टाकावे?

माझ्यातला मास्तर प्रथम पुढे सरसावला. शाळेत २६ जानेवारीला मी मुलांकडून लेझीम बसवून घेतो. नव्या मुलाला कसे शिकवायचे, हे मला पाठ आहे. त्याला रांगेच्या कडेला ठेवायचे नाही आणि पहिला तर नाहीच नाही. दोन्ही बाजूंना जाणते गडी द्यायचे आणि मध्ये त्याला उभे करायचे. हलगी वाजू लागली की आठ-दहा दिवसांत त्याचे पाय आपोआप रांगेत येतात. दिंडीतली पावलीही माणसे अशीच शिकतात. टाळांच्या नादात नवख्याचे एखादे पाऊल चुकले तर ते चाळीस पावलांत विरघळून जाते. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाचा मांडो नाच एकोणिसाव्या शतकात बहरला. त्यातही पुरुषांची आणि बायकांची रांग समोरासमोर उभी असते. पंखे हलवीत, रुमाल झुलवीत त्या रांगा जवळ येतात, दूर जातात. पण कोणी कोणाला धरून ठेवीत नाही. रांगेत शिकणे हे फार दयाळू शिकणे आहे. तिथे नवशिक्याच्या चुकीचा भार साऱ्यांवर सारखा वाटला जातो.

पण जोडीच्या नाचात रांग नसते. तिथे दुसरा एकच माणूस असतो, आणि माझी चूक थेट त्याच्या पायावर पडते.

मी सतार शिकायला बसलो तर फार तर शेजाऱ्यांची झोपमोड होईल. माझ्या पहिल्या दोन कादंबऱ्या बिघडल्या, त्यात कागदापलीकडे कोणाचे नुकसान झाले नाही. पण जोडीचा नाच एकट्याने बिघडवता येत नाही आणि एकट्याने सुधारताही येत नाही. शिकण्यासाठी दुसऱ्याचे अंग लागते. मग दुसऱ्याच्या अंगावर शिकण्याचा हक्क मला कोणी दिला? हा प्रश्न वाटतो तितका हलका नाही. नव्या डॉक्टरची पहिली सुई कोणाच्या तरी दंडात जाते. नव्या न्हाव्याचा पहिला वस्तरा कोणाच्या तरी गालावरून फिरतो. मी स्वतः पहिल्या वर्षी ज्या मुलांना शिकवले, त्यांना छडीखेरीज मी फारसे काही दिले नाही. शिकवणे म्हणजे काय ते मी त्यांच्यावरच शिकलो. ती मुले आता बापे झाली आहेत. बाजारात भेटली की वाकून नमस्कार करतात, आणि मला ओशाळल्यासारखे होते.

या ओशाळेपणातून सुटण्याची एक वाट आजच्या काळाने काढून ठेवली आहे, ती म्हणजे मोबाइल. त्यात हवा तो नाच हव्या तेवढ्या वेळा पाहता येतो, तो शिकवणारा कधी वैतागत नाही, आणि आपण कितीही चुकलो तरी कोणाचा अंगठा ठेचत नाही. चार रात्री मी माडीवर दार लावून एका उशीला कवटाळून पावले टाकली. समोरचा माणूस डावा पाय उचली तेव्हा मी आरशासारखा उजवा उचली. ते कसेबसे जमू लागले, तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. पडद्यावरचा माणूस पाऊल कुठे ठेवायचे ते दाखवतो. पण अंगाचा भार कुठे आहे ते त्याला दाखवता येत नाही. नाच तर सगळा त्या भारातच असतो. शिवाय उशी फार आज्ञाधारक निघाली. नेऊ तिकडे ती आली, थांबवू तिथे थांबली. चार रात्रींनंतर मला वाटू लागले की आपल्याला नाच येतो. आज्ञाधारक जोडीदारासारखा वाईट गुरू नाही, हे मला तेव्हा सुचले नाही.

मग एका रविवारी सकाळच्या गाडीने मी जालन्याला गेलो आणि नाचाचा एक वर्ग पाहून आलो. शिकवणारा पोरगा चोविशीचा असेल. पण त्याची शिकवण्याची तऱ्हा पाहून मी मनातून त्याला मास्तर म्हणून टाकले. पहिली वीस मिनिटे त्याने कोणाला कोणाचा हात धरू दिला नाही. नुसता या पायावरचा भार त्या पायावर घ्यायचा, तालात, संथपणे. "ज्याला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही, तो दुसऱ्याला धरत नाही, लटकतो," असे तो म्हणाला. मग जोड्या लावल्या, आणि दर दोन गाण्यांनी त्या बदलल्या. मी कारण विचारले. तो म्हणाला, "सर, एकाच माणसाबरोबर शिकलं की त्या माणसाच्या चुका पाठ होतात. त्या चुकांनाच मग आपण नाच समजतो."

हे सारे मला पटले. रविवारचा वर्ग, आरसे लावलेली खोली, आपल्यासारखेच अडखळणारे अनोळखी लोक. तिथे फी भरली की चुकण्याचा हक्क विकत मिळतो. कोणाचे उपकार नाहीत, कोणापुढे मान खाली घालणे नाही. परतीच्या गाडीत मी बेत पक्का केला. घरी येऊन मोठ्या उत्साहाने सौ.ला म्हणालो, "मी सहा रविवार जातो. नीट शिकून येतो. मग तुला शिकवतो."

ती तांदूळ निवडीत होती. तिने मान वर केली नाही. "आपलं सगळं असंच झालं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"काही नाही. जावा तुम्ही."

ज्यांच्या लग्नाला वीस वर्षे झाली आहेत त्या वाचकांना ठाऊक असेल, की 'काही नाही' या शब्दांत जेवढे असते तेवढे माझ्यासारख्याच्या एका कादंबरीत मावत नाही. त्या रात्री मी जागा राहिलो, आणि २२ वर्षांपूर्वीची एक पंचमी मला आठवली.

आमच्या भागात नागपंचमी हा बायकांचा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, मारुतीच्या देवळापुढे फेर धरतात आणि फुगड्यांना ऊत येतो. सौ.चे माहेर घनसावंगी तालुक्यात. लग्नानंतरची ती पहिली पंचमी. आणि मी, नवा जावई, नवा मास्तर, तिला न्यायला गेलो होतो. देवळापुढे बायकांचे रिंगण होते. मध्ये सौ. आणि तिची बालमैत्रीण फुगडी खेळत होत्या. पदर खोचलेला, अंबाडा सुटलेला, मान मागे टाकलेली, तोंडाने 'पक्वा' चाललेला. ती इतकी वेगाने फिरत होती की तिचा चेहरा मला ओळखू येत नव्हता. पारावर बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणाले, "मास्तराची बायको लई जोरात फिरती बरं!" आज वाटते, तो माणूस कौतुकच करीत होता. तेव्हा मात्र माझ्या कानशिलांना आग लागली. मी रिंगणाजवळ गेलो आणि साऱ्यांदेखत तिला म्हणालो, "पुरे झालं आता. गाडी चुकेल."

गाडीला चार तास अवकाश होता.

तिने तसेच, फिरता फिरता हात सोडले. तिची मैत्रीण मागच्या मागे मातीत बसली. सौ.ने तिला उठवले, तिचे लुगडे झटकले, आणि माझ्यामागून मुकाट्याने चालू लागली. त्यानंतर २२ पंचम्या झाल्या. ती झोक्याजवळ उभी राहते, गाणी म्हणते, हळदीकुंकू लावते. फुगडीला कोणी हात पुढे केला तर "गुडघे दुखतात" म्हणते. तिचे गुडघे कधीपासून दुखतात, हे मी कधी विचारले नव्हते.

लोक काय म्हणतील, या भीतीला देश नाही आणि भाषा नाही. व्हिएन्नातून निघालेला वॉल्ट्झ इंग्लंडच्या दरबारात पोहोचला तेव्हा, १८१६ साली, लंडनच्या 'टाइम्स' पत्राने त्यावर झोड उठवली होती. दोघांनी एकमेकांना धरून गोल फिरणे त्या संपादकांना सभ्यतेला सोडून वाटले. माझ्यात आणि त्या संपादकांत फरक एवढाच, की त्यांचे कोणी ऐकले नाही आणि माझे एकीने ऐकले.

अंथरुणावर पडल्या पडल्या मला माझ्याच प्रश्नाचे उत्तर वेगळ्या बाजूने दिसू लागले. दुसऱ्याच्या अंगावर शिकण्याचा हक्क कोणी दिला, म्हणून मी चिंतन करीत होतो. आणि नवरेपण मी २२ वर्षे हिच्यावरच शिकत आलो होतो. तेही न विचारता. चुकलो तेव्हा चूक तिच्या पायावर पडली, आणि पाऊल तिनेच मागे घेतले. मी तिला आज्ञाधारक समजत होतो. म्हणजे, मला येते असे समजत होतो. उशीबरोबर चार रात्री नाचून जो भ्रम झाला, तोच भ्रम मी २२ वर्षे सांभाळला होता. आणि आता जालन्याला एकट्याने शिकायला निघालो होतो, तेही पुन्हा येऊन हिला शिकवता यावे म्हणूनच! तिथे अनोळखी माणसांपुढे चुकायला माझी हरकत नव्हती. हिच्यापुढे तेवढे चुकायचे नव्हते.

शिकण्याची रीत निवडताना माणूस सोय पाहतो, फी पाहतो, वेळ पाहतो. ते सारे पाहावेच. पण त्याच्या आड एक निवड चोरून होत असते: आपल्याला काही येत नाही हे आपण कोणाला दिसू देणार? मला वाटते, हा प्रश्न नीतीचा आहे. ज्याच्यावर आपण एरवी अधिकार गाजवतो, त्याच्यापासूनच आपले अज्ञान झाकण्याकडे मनाची ओढ असते. बाप मुलापुढे शिकत नाही, मास्तर विद्यार्थ्यापुढे शिकत नाही, नवरा बायकोपुढे शिकत नाही. आणि तिघेही त्याला प्रतिष्ठा म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हते. मी तिला म्हणालो, "मला फुगडी शिकवतेस?"

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मी चेष्टा करीत नाही, याची खात्री करून घेतली असावी. मग म्हणाली, "आधी मोबाइल खिशातून काढा."

फुगडी हा आपला खरा जोडीचा नाच. त्याला वाद्य लागत नाही, पोशाख लागत नाही, चार हात जमीन पुरते. पैठणच्या एकनाथांनी तिच्यावर भारूड रचले, तुकोबांनी अभंग केले. आषाढीच्या वाटेवर म्हातारे वारकरी नातवाच्या वयाच्या पोरांबरोबर फुगडी घालतात. हात पुढे करणाऱ्याचे नाव-गावही तिथे कोणी विचारीत नाही. माझ्या कादंबऱ्यांत नायकांनी नायिकांना किती वेळा अलगद फिरवले आहे! पण फिरणे म्हणजे काय हे मला त्या दुपारी प्रथम कळले.

दोघांनी समोरासमोर उभे राहायचे. पावले जुळवून एकमेकांच्या पावलांना भिडवायची. हातांची कैची करून उजव्यात उजवा, डाव्यात डावा घ्यायचा. इथपर्यंत मला जमले. "आता मागं झुका," ती म्हणाली. मी झुकलो नाही, झुकल्यासारखे केले. कंबरेत वाकलो आणि पाय घट्ट रोवून ठेवले.

"असं नव्हं. तुम्ही मला ओढायलात. अंग सोडून द्या."

"आणि तू सोडलंस तर?"

बोलून गेलो, आणि दोघेही गप्प झालो. देवळापुढची ती मातीत बसलेली मैत्रीण आमच्या दोघांच्याही डोळ्यांपुढे आली असावी.

"मी नाही सोडत," ती म्हणाली.

फुगडीचा सारा न्याय त्या झुकण्यात आहे. एकट्याने तसे झुकावे तर माणूस पाठीवर आपटेल. दोघे झुकतात म्हणून दोघे उभे राहतात. जो अंगाने जड असेल त्याने कमी झुकायचे, हलक्याने अधिक. म्हणजे दोघांच्या भाराचा मध्य पावलांवर येतो आणि मग फेर धरता येतो. जड माणसाने स्वतःला आवरले नाही तर हलक्याला तो फरफटत नेतो. हे सौ.ने मला भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगितले नाही. ती म्हणाली, "तुमचं वजन जास्त हाय, तुम्हीच बेतानं घ्या." घरातल्या थोरल्या माणसांना सांगण्यासारखे याहून शहाणे वाक्य मी कुठल्या ग्रंथात वाचलेले नाही.

पहिल्या दिवशी दीड फेरा झाला आणि मला घेरी आली. चौथ्या दिवशी पाच फेरे झाले. आठवड्याने मी म्हणालो, "आता जालन्याचा वर्ग. पण दोघे जाऊ." फुगडीवर सगळे भागत नव्हते, हेही इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. घरच्या शिकण्याला बाहेरचा डोळा लागतो. त्या पोरगेल्या मास्तराचे म्हणणे खरेच होते. एकाच माणसाबरोबर शिकले की त्याच्या चुका पाठ होतात, आणि आमच्या चुका तर २२ वर्षांच्या पाठ होत्या. वर्गात जोड्या बदलत. सौ. एका निवृत्त कारकुनाबरोबर नाचली, मी एका कॉलेजातल्या मुलीबरोबर. दोघेही परत एकमेकांकडे आलो तेव्हा थोडे अधिक नम्र होतो.

तिथे मी मास्तरांना एक विनंती केली. अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेस शहरात टँगो नाच वाढला. युनेस्कोने २००९ साली त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. तिथल्या जुन्या पिढीतले पुरुष म्हणे आधी पुरुषांबरोबरच सराव करीत, आणि नव्या मुलाला प्रथम बाईची, म्हणजे मागे जाणाऱ्याची, पावले शिकावी लागत. दुसऱ्याने नेले की कसे वाटते हे अंगाला कळल्याखेरीज त्याला कोणाला नेऊ देत नसत. हे मी कुठेसे वाचले होते. मास्तरांना म्हटले, "आमचं उलट करा. ही नेईल, मी मागं जाईन." वर्गातले लोक हसले. सौ. हसली नाही, तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला मागे न्यायला सुरुवात केली. उलट्या पावलांनी, पाठीमागे काय आहे ते दिसत नसताना, समोरच्याच्या भरवशावर चालणे किती अवघड असते! तिने ते किती वर्षे केले असेल, याचा हिशेब मी मनातल्या मनात मांडला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

वैशाखात लग्न झाले. संगीताच्या रात्री आम्ही नाचलो. मुलाकडचे काका-काकू आमच्यापेक्षा कितीतरी सरस होते. तिसऱ्या कडव्याला मी तिच्या पायावर पाय दिला. मी "चुकलो" म्हणालो. ती "पुढचं बघा" म्हणाली, आणि गाणे संपले. भाचीने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तिचा हात धरून तिला बोहल्याकडे नेताना मी तिच्या पावलांकडे पाहून पावले टाकली. अक्षता डोळ्यांत गेल्या, हे मात्र ठरल्याप्रमाणे सांगितले.

तुमच्याकडेही पुढेमागे कोणाचे लग्न निघेल आणि हा प्रश्न येईल. तेव्हा वर्ग जरूर लावा, पडद्यावरही पाहा, घरात उशी असेल तर तिच्याबरोबर ताल धरा. पण ज्याच्याबरोबर खरोखर नाचायचे आहे, त्याला आधी विचारा: तुझ्यावर चुकू का? हे विचारणे म्हणजेच पहिले पाऊल. ते आपल्याआधी न विचारता टाकून झालेले असेल, तर उशिरा का होईना, विचारावे. माझ्या अनुभवाने सांगतो, उत्तर ताबडतोब मिळत नाही.

आमच्या घरी ते श्रावणात मिळाले. पंचमीला आम्ही घनसावंगीकडे गेलो होतो. देवळापुढे रिंगण धरले होते. सौ.ची ती बालमैत्रीणही आली होती. आता तिचे केस पांढरे झाले आहेत. तिने नेहमीप्रमाणे हात पुढे केला. सौ.ने माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. पायांतल्या चपला काढल्या, मनगटावरचे घड्याळ सोडले, दोन्ही माझ्या हातात दिली आणि पदर खोचला.

गाडीला तासभर अवकाश होता. तिच्या चपला सांभाळीत मी पारावर बसून राहिलो. गाडी चुकली.